घरातील कोणते उपकरण किती वीज घेते? मोजणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि सातारा भागात घरगुती वायरिंगची कामे करताना विजेच्या बिलाविषयीचे जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बिल वाढले की संशय बहुधा टीव्हीवर, नाहीतर घरातील मुलांवर जातो, आणि प्रत्यक्षात दोषी निघते ते भलतेच उपकरण. म्हणून आधी मोजावे आणि मग ठरवावे, एवढाच माझा आग्रह आहे. त्यासाठी लागणारे मुख्य साधन, म्हणजे मीटर, आपल्या भिंतीवर आधीपासूनच आहे.

वॉट आणि युनिट यांत नेमका फरक काय?

वॉट म्हणजे उपकरण या क्षणी किती वेगाने वीज घेत आहे ते, आणि युनिट म्हणजे ठरावीक काळात एकूण किती वीज घेतली ते. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. १०० वॉटचे उपकरण दहा तास चालले तरी तेवढेच होते. कोयनेचे उदाहरण घेतले तर हा फरक लगेच उलगडतो. कोयना प्रकल्पातील वीजकेंद्रांची एकत्रित क्षमता १९६० मेगावॅट आहे (एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॉट). ती सर्व पूर्ण ताकदीने एक तास चालली तर १९ लाख ६० हजार युनिट वीज तयार होईल. परंतु पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली असल्यामुळे ही केंद्रे चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालवता येत नाहीत, आणि मुख्यतः मागणी सर्वाधिक असते त्या वेळी ती उपयोगी पडतात. क्षमता मोठी, चालण्याचे तास थोडे. आपल्या घरातील मिक्सरची गोष्ट नेमकी हीच आहे. उलट सेट-टॉप बॉक्सची क्षमता क्षुल्लक, पण तो वर्षभर चालूच असतो.

उपकरणाच्या पाटीवर वॉट लिहिलेलेच असतात. मग मोजायचे कशाला?

पाटीवरचा आकडा चुकीचा नसतो, पण तो दरवेळी आपल्याला हवे तेच सांगतो असे नाही. गिझर, इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड अशा तापणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत पाटीवरचे वॉट आणि प्रत्यक्ष घेतले जाणारे वॉट जवळजवळ सारखे असतात; मात्र थर्मोस्टॅट त्यांना मधूनमधून बंद करतो, त्यामुळे एक तास बटण चालू होते म्हणजे एक तास वीज गेली असे म्हणता येत नाही. फ्रीजच्या पाटीवरचा आकडा कॉम्प्रेसर चालू असतानाचा असतो, आणि कॉम्प्रेसर दिवसातला किती वेळ चालेल हे स्वयंपाकघरातील उष्णता, दाराचे रबर आणि दार उघडण्याची सवय यांवर ठरते. इंडक्शन शेगडी कमी आचेवर ठेवली की ती थोडा वेळ चालू आणि थोडा वेळ बंद अशी चालते, त्यामुळे तिचे क्षणाचे वॉट पाहून काहीच निष्कर्ष निघत नाही.

पाण्याच्या मोटारीची पाटी तर वेगळीच भाषा बोलते. मोटारीवर लिहिलेली अश्वशक्ती ही तिच्या दांड्यावर मिळणारी ताकद असते, विजेच्या तारेतून घेतलेली नव्हे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, परंतु तेवढी ताकद दांड्यावर देण्यासाठी लहान घरगुती मोटार तारेतून सहज १००० ते ११०० वॉट घेते. उरलेली वीज मोटार तापण्यात जाते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून पंपांशी नाते सांगणाऱ्या आमच्या सांगली जिल्ह्यातसुद्धा ‘एक एचपी म्हणजे पाऊण युनिट’ असा हिशेब सर्रास केला जातो, आणि तो नेहमी कमी भरतो.

वेगळे यंत्र विकत न घेता घरच्या मीटरवरून एकेका उपकरणाची वीज मोजता येते का?

होय, आणि बहुतेक घरांना एवढी मोजणी पुरते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा असतो व त्याच्याजवळ एका युनिटला त्या दिव्याची किती वेळा उघडझाप होते तो आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा आणखी वेगळा. हा आकडा मीटरवर स्वतः वाचावा. शेजाऱ्याच्या मीटरवरून घेऊ नये.

हिशेब असा आहे. ३६ लाखांना त्या आकड्याने भागावे आणि आलेल्या संख्येला दोन उघडझापींमधील सेकंदांनी भागावे. उत्तर वॉटमध्ये येते. ३२०० च्या मीटरला पहिल्या भागाकाराचे उत्तर ११२५ येते, ते एकदाच काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. दिवा पंधरा सेकंदांनी एकदा चमकत असेल तर ११२५ भागिले १५, म्हणजे घरात त्या क्षणी ७५ वॉट वीज जात आहे. हा साधारण एका जुन्या छताच्या पंख्याचा वापर झाला. १६०० च्या मीटरला ११२५ ऐवजी २२५० घ्यावे.

प्रत्यक्ष मोजताना दोघेजण असावेत. एकाने मीटरजवळ मोबाइलचे स्टॉपवॉच घेऊन उभे राहावे, दुसऱ्याने घरात बटणे सांभाळावीत. सर्वप्रथम फ्रीजसह शक्य तेवढी उपकरणे बंद करून पायाभूत वापर काढावा. समजा, दिवा ४५ सेकंदांनी चमकतो, म्हणजे २५ वॉट. आता फक्त गिझर चालू करावा. दिवा इतक्या वेगाने चमकू लागतो की एकेक मोजणे अवघड होते, म्हणून शंभर चमका मोजाव्यात. त्यांना ५७ सेकंद लागले तर ११२५ गुणिले १०० भागिले ५७, म्हणजे सुमारे १९७५ वॉट. त्यातून आधीचे २५ वजा केले की गिझरचे १९५० वॉट उरतात. सांगलीतील विश्रामबागेत एका घरी जिन्याखालच्या मीटरपाशी आठवीतला मुलगा मोठ्याने चमका मोजत होता आणि त्याची आजी स्वयंपाकघरातून एकेक बटण दाबून ‘आता मिक्सर’, ‘आता शेगडी’ असे पुकारत होती. अर्ध्या तासात त्या दोघांनी घरातील अकरा उपकरणांची यादी पूर्ण केली.

मंद चमकणाऱ्या दिव्याला घाई करू नये. लहान वापर मोजताना किमान चार-पाच चमका होऊ द्याव्यात, आणि पहिली चमक शून्य धरून तेथून वेळ सुरू करावी. पहिलीला एक म्हणून सुरुवात केली की उत्तर दरवेळी चुकते. ही चूक मी स्वतः अनेकदा केलेली आहे.

ज्या उपकरणाचा वापर सतत बदलतो, त्याच्यासाठी चमका मोजण्यापेक्षा मीटरचे रीडिंग घ्यावे. मीटरच्या पडद्यावर दिनांक, वेळ, व्होल्टेज, सर्वोच्च मागणी असे आकडे आळीपाळीने येतात; त्यांतील युनिटचा आकडा कोणता, हे एकदा ओळखून ठेवावे.

प्लगमध्ये बसवायचे छोटे मीटर घ्यावे का?

फ्रीज, टीव्ही, संगणक, वॉशिंग मशीन यांसाठी ते फार सोयीचे आहे, कारण घरातील बाकी काहीही बंद करावे लागत नाही. घेताना ते मोठ्या तीन पिनांचे, १६ अँपिअरचे आहे याची खात्री करावी आणि ते वॉट, एकूण युनिट व लोटलेला वेळ हे तिन्ही दाखवते का ते पाहावे. लहान पिनांच्या मीटरमधून जोडणी बदलून गिझर किंवा इंडक्शन शेगडी कधीही चालवू नये. प्लग वितळतो आणि आगीचा धोका असतो. बोअरची मोटार व एसी यांची जोडणी बहुधा थेट असते, तेथे हे मीटर उपयोगी पडत नाही. एका इमारतीतील पाच-सहा कुटुंबांनी मिळून एकच मीटर घेतले तरी चालते, कारण प्रत्येक घराला ते वर्षातून फार तर आठवडाभर लागते.

वायरमनने टाँग टेस्टर (तारेभोवती धरायचा चिमट्यासारखा मापक) लावून अँपिअर मोजले, त्याला २३० ने गुणले, पण हिशेब बिलाशी जुळत नाही. असे का?

अँपिअर आणि व्होल्ट यांचा गुणाकार तापणाऱ्या उपकरणांपुरता वॉट देतो. मोटार, पंखा, फ्रीज, एलईडी दिवे यांच्या बाबतीत तो गुणाकार खऱ्या वॉटपेक्षा जास्त येतो, कारण घेतलेला सगळा प्रवाह काम करीत नाही. खऱ्या वॉटच्या या गुणाकाराशी असलेल्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. स्वस्त एलईडी बल्ब ९ वॉटचा असला तरी गुणाकार त्याच्या दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. घरगुती बिल मात्र खऱ्या वॉटवरच, म्हणजे किलोवॉट-तासांवर (युनिटांवर) होते, म्हणून टाँग टेस्टरचा आकडा धरून केलेला हिशेब फुगतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: चिमट्यात एकच तार घ्यावी लागते. वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतल्या तर आकडा शून्याजवळ दिसतो आणि उपकरण वीज घेतच नाही असा भ्रम होतो.

फ्रीजचा वापर कसा मोजावा?

पूर्ण चोवीस तास, आणि तोही घरातील नेहमीच्या दिवशी. पाच मिनिटांची मोजणी फ्रीजच्या बाबतीत निरुपयोगी आहे. प्लगचे मीटर लावून सकाळी सातला सुरुवात करावी व दुसऱ्या दिवशी सातला युनिट पाहावेत. ही संख्या बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता संस्थेच्या) तारांकित लेबलावरील वार्षिक युनिटांशी ताडून पाहता येते. लेबलावर वर्षाला १८० युनिट लिहिले असतील तर दिवसाला सुमारे अर्धे युनिट होते. लेबलावरचा आकडा प्रमाणित चाचणीतला असल्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घरातला आकडा त्याच्या वर जाणे स्वाभाविक आहे; दुप्पट झाला तर मात्र कारण शोधावे.

माझ्या स्वतःच्या घरातील जुना फ्रीज दिवसाला १.४ युनिट घेत होता. नोटेएवढा कागद दारात धरून दार लावले आणि कागद ओढला, तर खालच्या कोपऱ्यात तो अलगद निघून आला; रबर कडक होऊन वाकले होते. रबर बदलले, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि मागच्या जाळीवरची धूळ काढली. पुढच्या चोवीस तासांत आकडा ०.९ आला. अर्ध्या युनिटाचा हा फरक महिन्याला पंधरा युनिटांचा होतो. मोजले नसते तर मी तो फ्रीज बदलून नवा घेतला असता.

गिझर परवडतो की रॉड? बादलीभर पाण्याला किती वीज लागते?

या प्रश्नाचे उत्तर उपकरणाकडे न पाहता पाण्याकडे पाहून काढावे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला १.१६ वॉट-तास वीज लागते. रॉड असो, गिझर असो की बंबात बसवलेले एलिमेंट, निसर्गाचा हा हिशेब कोणालाही चुकत नाही. वीस लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायची तर ५८० वॉट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटापेक्षा थोडे अधिक. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर दिवसाला २.३ युनिट आणि महिन्याला सत्तर. अनेक घरांच्या हिवाळ्यातील बिलाचा मोठा वाटा एवढ्यातच संपतो.

साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतील पाणी इतके गार असते की तेच पाणी अंगाला सोसेल इतके तापवायला उन्हाळ्याच्या दीडपट-दुप्पट वीज लागू शकते. म्हणून गिझरची मोजणी एकदा मे महिन्यात व एकदा जानेवारीत करावी. रॉड आणि गिझर यांत फरक पडतो तो इतकाच की साठवणीच्या गिझरमध्ये तापलेले पाणी पडून राहिले तर ते हळूहळू निवते आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा पुन्हा तापवतो. हे पाहण्यासाठी रात्री सर्वांचे आवरल्यावर गिझर चालूच ठेवून, पाणी न वापरता, सकाळपर्यंत किती युनिट गेले ते मोजावे. तो आकडा पाहिल्यावर गिझरचे बटण बंद करण्याची आठवण घरात कोणालाही द्यावी लागत नाही. रॉड वीज थोडी वाचवतो, पण त्याच्या सुरक्षिततेविषयी मला सतत काळजी वाटते: चालू रॉड पाण्यात असताना बादलीत हात घालून पाणी तापले का पाहण्याची सवय अत्यंत धोक्याची आहे. प्लग काढावा, मगच पाण्याला हात लावावा.

इमारतीच्या सामाईक मोटारीचे बिल वाढले आहे. मोटार जास्त वीज घेऊ लागली असेल का?

बहुतेक वेळा मोटार तेवढीच वीज घेते, पण जास्त वेळ चालते. आणि वेळेची नोंद कोणीच ठेवलेली नसते. सांगलीतील एका बारा घरांच्या इमारतीत हाच वाद पेटला होता. तळमजल्यावरचे कुटुंब नळाखाली गाडी धुते म्हणून बिल वाढले, असे वरच्यांचे म्हणणे होते. सामाईक मीटरवर मोटार चालू करून चमका मोजल्या, तेव्हा ११०० वॉट आले; एक अश्वशक्तीच्या मोटारीला ते वाजवी होते. मग टाकी भरण्याचा वेळ लावला. पूर्वी चाळीस मिनिटांत भरणारी टाकी आता ६५ मिनिटे घेत होती. चाळीस मिनिटांना ०.७३ युनिट, तर ६५ मिनिटांना १.१९. दिवसातून दोनदा टाकी भरते असे धरले तर महिन्याला ४४ युनिटांच्या जागी ७१ युनिट जात होते. मोटार वर काढल्यावर दिसले की बोअरमधील पाइपच्या एका जोडातून पाणी धो धो परत बोअरमध्येच पडत होते. गाडी धुण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

त्यामुळे मोटारीसाठी दोन आकडे नेहमी एकत्र लिहावेत: चालू असतानाचे वॉट आणि ठरावीक पाणी चढवायला लागणारी मिनिटे. वॉट तेवढेच आणि मिनिटे वाढली तर गळती, झिजलेला इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र), फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) किंवा खाली गेलेली पाण्याची पातळी यांचा संशय घ्यावा. वॉट वाढले असतील तर बेअरिंग किंवा वायंडिंग तपासून घ्यावे. रिवाइंडिंग नीट न झालेली मोटार कायमची जास्त वीज घेत राहते.

पंखा, घरघंटी, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन यांचे काय?

यांपैकी पंख्याकडेच लक्ष द्यावे. ७५ वॉटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. ३० वॉटच्या बीएलडीसी (ब्रशविरहित मोटारीच्या) पंख्याला तेवढ्याच वापरात ११ पुरतात. जुना, खोक्यासारखा तापणारा रेग्युलेटर असेल तर पंखा मंद केल्यावर वाचलेल्या विजेचा बराच भाग त्या रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जातो. पंखा एक आणि पाच या दोन्ही आकड्यांवर ठेवून चमका मोजल्या की हे स्पष्ट दिसते. घरघंटीवर ज्वारी दळताना आवाज मोठा होतो म्हणून बिलाची भीती वाटते, परंतु एक अश्वशक्तीची घरघंटी तासाला साधारण एक युनिट घेते आणि आठवड्याचे पीठ तेवढ्यात होते. मिक्सरवर पाच मिनिटे चटणी वाटली तर युनिटाचा सोळावा हिस्साही जात नाही. वॉशिंग मशीन गार पाण्यावर लावले तर खर्च किरकोळ. पाणी तापवणारा कार्यक्रम निवडला की वरचा बादलीचा हिशेब लागू होतो.

घरातील सगळे बंद असतानाही मीटरचा दिवा मधूनमधून चमकतो. हे सदोष मीटरचे लक्षण आहे का?

क्वचितच. सेट-टॉप बॉक्स, रिमोटने बंद केलेला टीव्ही, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्हवरचे घड्याळ अशी मंडळी भिंतीवरचे बटण बंद होईपर्यंत वीज घेतच असतात. वर उदाहरणात घेतलेला ४५ सेकंदांचा वेग, म्हणजे २५ वॉट, महिनाभर अखंड चालला तर १८ युनिट होतात. एकट्या सेट-टॉप बॉक्सने १० वॉट घेतले तरी त्याचे महिन्याला सात युनिट पडतात. एकेक प्लग काढत जावे आणि दर वेळी दोन चमकांमधला वेळ लिहावा, म्हणजे कोण किती घेतो ते कळते.

मेन बंद केला तरी दिवा चमकतो. आता?

आता वायरमनला बोलवावे, कारण बाब गंभीर असू शकते. आजचे अनेक मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतील प्रवाह पाहतात आणि दोन्हींपैकी जो जास्त असेल त्यावर युनिट मोजतात. दोन्हींत तफावत आढळली की मीटरवरचा गळती दाखवणारा वेगळा दिवा लागतो. साताऱ्यात एका जुन्या वाड्याची वाटणी होऊन काकू आणि पुतण्या यांची दोन मीटरे झाली, पण मधल्या भिंतीतील जुनी वायरिंग कोणी सोडवली नाही. दोन्ही घरांची न्यूट्रल एका डबीत एकत्रच राहिली. काकूंचा फेजचा एमसीबी (मेन स्विच) बंद असताना त्यांच्या मीटरचा दिवा सहा सेकंदांनी चमकत होता, म्हणजे सुमारे १८५ वॉट. पुतण्याने आपले पंखे आणि टीव्ही बंद केले, तशी चमक थांबली. त्याच्या घरातून परतणारा प्रवाह काकूंच्या न्यूट्रलमधूनही जात होता आणि तीच वीज दोन्ही मीटरांवर चढत होती. न्यूट्रल वेगळ्या केल्यावर प्रश्न मिटला, आणि दोन घरांमधला अबोलाही.

हाच गळतीचा दिवा गिझर चालू केल्यावर लागत असेल तर एलिमेंटमधून वीज अर्थमध्ये जात आहे असे समजावे. अशा वेळी गिझर ताबडतोब बंद करावा आणि दुरुस्तीपूर्वी त्या पाण्याने कोणीही स्नान करू नये. अर्थिंग तपासून घ्यावे व गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी नसेल तर बसवावा. येथे युनिटांचा विचार नंतर करावा.

आमच्या गावात व्होल्टेज कमी असते. त्यामुळे बिल वाढते का?

पाणी तापवण्याच्या बाबतीत फारसे नाही. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर २००० वॉटचा गिझर सुमारे १५०० वॉटच घेतो, पण पाणी तापायला तेवढाच जास्त वेळ लावतो. युनिट जवळपास तेवढेच पडतात. मोटारीचे तसे नाही. कमी व्होल्टेजवर ती जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळण्याचा धोका वाढतो. मोजणी करताना मीटरच्या पडद्यावरील व्होल्टेजही वहीत लिहून ठेवावे, नाहीतर सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे का जुळत नाहीत हे कळत नाही.

एसी आणि इन्व्हर्टर यांची मोजणी कशी करावी?

एसी रात्रभराच्या रीडिंगवरून मोजावा. रात्री दहाला व सकाळी सहाला मीटर पाहावे आणि फ्रीज, पंखे यांचा त्याच आठ तासांचा वापर, जो आधी एसीविना एका रात्री मोजलेला असेल, तो वजा करावा. एक रात्र २४ अंशांवर आणि एक रात्र २० वर अशी तुलना करून पाहावी. लेबलावरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात, त्यामुळे आपले तास वेगळे असतील तर त्या प्रमाणात आकडा बदलून घ्यावा.

बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये साठवताना आणि परत काढताना वीज वाया जाते, म्हणून लोडशेडिंगच्या तासांत वापरलेल्या विजेपेक्षा जास्त वीज चार्जिंगला लागते. वीज आल्यानंतर लगेच केलेली कोणतीही मोजणी चार्जिंगमुळे चुकते. बॅटरी भरेपर्यंत थांबावे.

शंभर युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना जास्त दर लागतो, हे खरे आहे का?

नाही. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत, व प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यातील युनिटांनाच लागतो. १०५ युनिट झाले तर वरचा दर शेवटच्या पाच युनिटांनाच असतो. परंतु याचा दुसरा अर्थही समजून घ्यावा: वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातले असते, म्हणून बचतीची किंमत सरासरी दराने न काढता त्या टप्प्याच्या दराने काढावी, आणि त्यात प्रति युनिट लागणारा वहन आकार, इंधन समायोजन आकार व त्यांवरील १६ टक्के वीज शुल्कही धरावे. स्थिर आकार मात्र मोजणी करून कमी होत नाही. दोन महिन्यांची बिले ताडताना रीडिंगच्या तारखा पाहाव्यात. एक बिल २९ दिवसांचे आणि दुसरे ३४ दिवसांचे असेल तर युनिटांना दिवसांनी भागूनच तुलना करावी.

मीटरच वेगाने पळत असल्याची शंका असेल तर?

घरातील इतर सर्व बंद करून गिझर किंवा इस्त्री प्लगच्या मीटरमधून चालवावी व दोन्ही मीटरांचे युनिट ताडावेत. दोन-तीन टक्क्यांचा फरक दोष मानू नये, कारण प्लगचे मीटरही तितके अचूक नसते. दहा टक्क्यांच्या पुढचा फरक पुन्हा पुन्हा आला तर नोंदी जोडून महावितरणच्या कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मीटरचे सील किंवा झाकण यांना स्वतः हात लावू नये.

छतावर सौर पॅनेल असतील तर चमका मोजता येतात का?

सूर्यास्तानंतर येतात. दिवसा घरातून बाहेर जाणाऱ्या विजेनेही दिवा चमकू शकतो, आणि घरात वापरलेली वीज पॅनेलकडून थेट आलेली असल्यास ती नेट मीटरला (आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजणाऱ्या मीटरला) दिसतच नाही.

पुराच्या पाण्यात भिजलेली उपकरणे पुन्हा चालू करताना मोजणीचा उपयोग होतो का?

होतो, पण शेवटच्या टप्प्यावर. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर सांगलीत अनेकांनी चिखल धुऊन फ्रीज आणि मोटारी दोन-तीन दिवसांत चालू केल्या आणि वायंडिंग जळाली. आधी बोर्ड, मीटर आणि वायरिंग यांची तपासणी करून घ्यावी. मोटार पूर्ण वाळवून मेगरने तिचे इन्सुलेशन पाहावे. त्यानंतर एकेक उपकरण चालू करून त्याचे वॉट पुरापूर्वीच्या वहीतील आकड्याशी ताडावेत. गळतीचा दिवा लागला किंवा वॉट पूर्वीपेक्षा लक्षणीय जास्त आले, तर ते उपकरण त्याच क्षणी बंद करून बाजूला ठेवावे. ही वही मात्र मीटरच्या पेटीत न ठेवता माळ्यावर ठेवावी.